लिटरमागे एक अंडे

माणसाच्या लहान आतड्यात राहणारी गोल जंताची, म्हणजे अस्कॅरिसची, एक मादी दिवसाला २ लाखांपर्यंत अंडी घालते. शेतीला द्यायच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात मात्र लिटरमागे जंतांचे फार तर एक अंडे असावे, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये सुचवली. एका मादीची एका दिवसाची अंडी या मर्यादेत बसवायची तर २ लाख लिटर स्वच्छ पाणी हवे. दहा हजार लिटरचे २० टँकर! क्लोरीनने या अंड्याचे फारसे काही बिघडत नाही.

मेक्सिको सिटीचे मैलापाणी शंभराहून अधिक वर्षे मेस्कितालच्या खोऱ्यातल्या शेतांना जाते. तिथल्या आतोतोनिल्को सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाची क्षमता सेकंदाला ३५ हजार लिटर. प्रत्येक लिटरात चालते तेवढे एकच अंडे राहिले, तरी दिवसाला ३०२ कोटी अंडी शेतांकडे निघतील, आणि तरीही पाणी नियमात.

आता ते एक अंडे शोधायचे. लांबी जेमतेम ६० मायक्रॉन. लिटरभर पाणी आकारमानाने त्याच्या सुमारे दीड हजार कोटी पट. म्हणून १० लिटर नमुना तास-दोन तास हलवायचा नाही. अंडी तळाला बसतात. वरचे पाणी काढून गाळ सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा, ईथरने चरबी काढायची, मग १.१८ घनतेचे झिंक सल्फेट ओतायचे. पाण्यात बुडणारे अंडे यात तरंगते. ते मोजायच्या मॅकमास्टर काचपट्टीत मावते ०.३ मिलिलिटर.

गोम इथेच आहे. शेवटी ५ मिलिलिटर द्रावण उरले असे धरा. पाणी नेमके मर्यादेवर असेल तर त्यात १० अंडी, म्हणजे पट्टीवर सरासरी ०.६. वाटेत एकही हरवले नाही असे मानले, तरी निम्म्याहून अधिक वेळा पट्टी कोरी. आणि चुकून एक दिसलेच, तर हिशेबाने लिटरमागे १.६७: नमुना नापास! एका कोऱ्या पट्टीवर दिलेला दाखला मी तरी मानणार नाही. तीन पट्ट्या पाहिल्या तर तिन्ही कोऱ्या निघण्याची शक्यता सहात एक इतकी उतरते.

पंधरा वर्षांखालची मुले त्या पाण्याच्या संपर्कात येत असतील, तर जागतिक आरोग्य संघटनेच्याच २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत मर्यादा आणखी कडक आहे: १० लिटरमागे एक अंडे. मग त्याच नमुन्यातल्या शंभरपैकी ९४ पट्ट्या कोऱ्या येतील. पहिल्याइतकी तरी खात्री हवी असेल, तर प्रयोगशाळेत १०० लिटर पाणी न्यावे लागेल.