लेबलच्या करारावर सही करण्याआधी

पुण्यातल्या वारज्यात हायवेच्या आवाजामुळे आम्ही गाणी रात्री दोननंतरच रेकॉर्ड करतो. खिडकीला गोधडी, माइकभोवती जुनी गादी. अशाच एका रात्री मित्राने एका कंपनीचा करार दाखवला. गाणं त्याचं, चाल त्याची, पण मालकी "कायमची आणि जगभर" कंपनीची! मी त्याला सही थांबवायला लावली.

कॉपीराइट कायद्याचं कलम 19 प्रत्येक गायक-संगीतकाराने वाचायलाच हवं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपन्या "कायमची" हा शब्द आवर्जून घालतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो, म्हणजे नातवंडांपर्यंत. एक दिलासाही आहे: 2012 च्या दुरुस्तीमुळे गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा कंपनीला देऊन टाकता येत नाही. तो गोळा व्हावा म्हणून आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व घ्या.

लेबल वाईटच असं मी म्हणत नाही. जाहिरात आणि व्हिडिओचा खर्च एकट्याला झेपत नाही. पण स्वतःचा मार्गही आहे: गायिका शुभा मुद्गल आणि तबलावादक अनीश प्रधान यांनी 2003 मध्ये अंडरस्कोअर रेकॉर्ड्स हे स्वतःचं लेबल सुरू केलं, तेव्हा आजच्यासारखं स्ट्रीमिंग नव्हतं. आज डिस्ट्रिब्युटरमार्फत गाणं सगळीकडे जातं आणि मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी, आपल्याकडेच राहते. मित्राने कंपनीकडे 5 वर्षांची मुदत मागितली आहे. उत्तर आलं की इथेच कळवेन.