सहा महिन्यांचे आजी-आजोबा

मालाडसारख्या उपनगरात ज्या नोकरदार मध्यमवर्गाने बँक, रेल्वे किंवा महापालिकेतील पगाराच्या भरवशावर दोन खोल्यांचे घर घेतले, त्याच्या पुढच्या पिढीतील पुष्कळजण आज परदेशात आहेत. लिबर्टी गार्डन असो वा एव्हरशाईन नगर, निवृत्तांच्या बोलण्यात पेन्शन, गुडघेदुखी आणि इमारतीचा पुनर्विकास यांच्या जोडीला व्हिसा हा विषय आता कायमचा येऊन बसला आहे. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी टोरांटोत आणि आईवडील मालाडला, ही कुटुंबरचना आता कोणालाही नवलाची वाटत नाही. मात्र या कुटुंबाने वर्षातून किती दिवस एकत्र राहावे, हे कुटुंबाच्या हाती नाही. ते परक्या देशाचे कायदे ठरवतात.

अमेरिकेचेच उदाहरण घेऊ. वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत मुलाखत देऊन मिळालेला पर्यटक व्हिसा बहुधा दहा वर्षांचा असतो. त्यामुळे दहा वर्षांची सोय झाली, असा अनेकांचा समज होतो. वस्तुतः दहा वर्षांची ती मुभा केवळ दार ठोठावण्याची असते. आत किती दिवस राहायचे ते प्रवेशाच्या वेळी ठरते, आणि ती मुदत सामान्यतः सहा महिन्यांची असते. मुदत संपण्यापूर्वी सबळ कारण देऊन वाढीचा अर्ज करता येतो. परंतु वाढ हा हक्क नव्हे. मुदत उलटून १८० दिवसांहून अधिक काळ राहिल्यास तीन वर्षे, आणि वर्षभर वा त्याहून अधिक राहिल्यास दहा वर्षे पुनःप्रवेशाला बंदी होऊ शकते. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षांची बंदी म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही.

कायमचे जावे म्हटले तर मुलगा अमेरिकेचा नागरिक असावा लागतो. नागरिकाच्या आईवडिलांना ग्रीन कार्डासाठी संख्येची मर्यादा नाही, हे खरे. परंतु नोकरीच्या व्हिसावर गेलेला मुलगा स्वतःच ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा असतो, आणि दर देशाला सात टक्क्यांच्या मर्यादेमुळे भारतीयांची ही रांग दशकांच्या हिशेबाने मोजली जाते. तो नागरिक होईतो आईवडील थकलेले असतात. शिवाय ग्रीन कार्ड मिळाले तरी वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी सामान्यतः पाच वर्षांचे सलग वास्तव्य लागते, आणि मालाडच्या घरी दीर्घकाळ येऊन राहिल्यास ते कार्डच धोक्यात येते.

अन्य देशांनी हा प्रश्न निरनिराळ्या रीतींनी हाताळला आहे. कॅनडाने २०११ च्या अखेरीस आईवडील व आजी-आजोबांसाठी ‘सुपर व्हिसा’ सुरू केला. जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते. मुलाचे किमान उत्पन्न आणि किमान एक लाख डॉलरचा आरोग्यविमा या त्याच्या अटी आहेत. ऑस्ट्रेलियाने २०१९ मध्ये तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता पालक व्हिसा आणला, पण त्याचे शुल्क हजारो डॉलरचे आहे. ब्रिटनने २०१२ मध्ये नियम इतके आवळले की, दीर्घकाळ शुश्रूषेची गरज आहे आणि ती मायदेशी मिळूच शकत नाही, हे सिद्ध केल्याशिवाय आईवडिलांना कायम वास्तव्य मिळत नाही. याउलट थायलंड पन्नाशी उलटलेल्या परक्या निवृत्तांनाही, बँकेतील ठेव दाखवल्यास, दरवर्षी नूतनीकरण होणारा मुक्काम देतो. म्हणजे जेथे नाते आहे तेथे मुक्काम मोजून मिळतो, आणि जेथे कोणी नाही तेथे तो पैशाने मिळतो!

या व्यवहाराला अर्थशास्त्रीय बाजूही आहे. माणसाने आपल्या पगारी मोलकरणीशी लग्न केले की राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती पिगू या अर्थशास्त्रज्ञाने दाखवली होती. सुनेच्या बाळंतपणासाठी मालाडहून गेलेल्या आजीच्या बाबतीत तीच विसंगती दिसते. तिने सांभाळलेल्या नातवंडामुळे सून कामावर लवकर रुजू होते, परक्या देशाला कर मिळतो. आजी मात्र कागदोपत्री पर्यटक! तिच्या श्रमाची नोंद कोठेच नाही, आणि आजारपणाचा खर्च मात्र सर्वस्वी कुटुंबाचा. भारतातील सर्वसाधारण आरोग्यविमा परदेशी उपयोगी पडत नाही, आणि प्रवासविमा जुन्या दुखण्यांना बहुधा वगळतो.

भारताचे धोरण याबाबत अधिक उदार आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मुलाला २००५ पासूनच्या ओसीआय योजनेखाली मालाडच्या घरी आजन्म येता येते, हवे तितके राहता येते. मुलाला आईकडे येण्यास मुदत नाही. आईला मुलाकडे जाण्यास आहे. ही एकतर्फी उदारता मागे घ्यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु वाटाघाटीच्या मेजावर तिचे मोल मागण्यास काय हरकत आहे? २०२२ चा ऑस्ट्रेलियाशी झालेला करार असो वा जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेला, चर्चेचा भर राहिला तो कुशल व्यावसायिक, विद्यार्थी आणि कंपन्यांचे कर्मचारी यांच्यावर. ब्रिटनमध्ये तात्पुरते जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना तेथील सामाजिक सुरक्षा वर्गणीतून सूट मिळवता आली. तेवढीच चिकाटी त्यांच्या आईवडिलांसाठी दाखवता येणार नाही काय? यजमान देशाच्या तिजोरीवर भार न टाकता दीर्घ मुक्काम देता येतो, हे कॅनडाने दाखवून दिले आहे. त्याच धर्तीची मागणी भारताने इतर देशांकडे करावी, आणि परदेशीही चालेल असा ज्येष्ठांचा विमा काढण्यास आपल्या विमा कंपन्यांना प्रवृत्त करावे.

तोवर कुटुंबांनीही भ्रमात राहू नये. पर्यटक व्हिसा हा म्हातारपणाचा आधार नव्हे. सहा महिने तेथे आणि सहा महिने येथे ही ये-जा साठीत निभते, ऐंशीत निभत नाही. तेव्हा अखेरची वर्षे कोठे आणि कोणाच्या सोबतीने काढायची, याचा निर्णय हातपाय चालते आहेत तोवरच, मुलांना समोर बसवून घ्यावा. आणि ज्यांना मालाडलाच राहायचे आहे त्यांच्यासाठी जवळचा दवाखाना, विश्वासाची शुश्रूषा आणि हाकेला धावणारा शेजार उभा करणे, ही जबाबदारी कोणत्याही परदेशी वकिलातीवर ढकलता येणार नाही. ती आपलीच आहे.