बारावीनंतर डी.फार्मसी: निर्णय घेण्यापूर्वी

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध रुग्णाच्या हाती देण्याचा अधिकार भारतात नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ तसे स्पष्ट सांगते. डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला औषध देऊ शकतात, हा त्यातला मोठा अपवाद. हा अधिकार मिळवण्याचा सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे बारावी विज्ञाननंतरची दोन वर्षांची पदविका, डी.फार्म., म्हणजेच बोलीतली डी.फार्मसी. अभ्यासक्रम छोटा आहे, खर्च इतर वैद्यकीय शिक्षणापेक्षा कमी आहे, आणि महाराष्ट्रात प्रवेशाला सीईटी लागत नाही. त्यामुळे बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत 'नाहीतर डी.फार्मसी करू' हे वाक्य ऐकू येते. 'नाहीतर' म्हणून हा अभ्यासक्रम निवडणाऱ्यांची पुढे फरफट होते. तो समजून-उमजून निवडणाऱ्याला मात्र विसाव्या-एकविसाव्या वर्षी एक स्वतंत्र, कायद्याने जपलेला व्यवसाय मिळतो.

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये औषधाच्या दुकानात फार्मासिस्टच्या हाताखाली 'फार्मसी टेक्निशियन' काम करतो. गोळ्या मोजणे, लेबल लावणे, साठा सांभाळणे ही कामे त्याची, आणि चिठ्ठी तपासून अंतिम मान्यता देणे हे फार्मासिस्टचे. भारतीय कायद्यात ही मधली पायरीच नाही. डी.फार्म. उत्तीर्ण होऊन राज्य फार्मसी कौन्सिलमध्ये नोंदणी केलेली व्यक्ती ही पूर्ण फार्मासिस्ट असते. चार वर्षांची बी.फार्म. केलेल्याला औषध देण्याचा जो अधिकार, तोच तिलाही. जबाबदारीही तेवढीच. वर कोणी तपासणारा नसतो.

ही व्यवस्था घडायला वेळ लागला. गोव्यात पोर्तुगीज काळात, १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेत औषधशास्त्राचेही शिक्षण मिळे. पण ब्रिटिश भारतात बराच काळ औषधे बनवून देणारा माणूस म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली शिकून तयार झालेला कंपाउंडर होता. लाल मिक्श्चरची बाटली आणि तिच्यावर डोसाच्या खुणा कापून चिकटवलेली कागदाची पट्टी ही त्याची ओळख. औषधे कोणीही विकावीत अशी तेव्हाची स्थिती होती. सरकारने १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. पुढच्या वर्षी आलेल्या तिच्या अहवालानंतर आधी औषधांच्या दर्जासाठी १९४० चा कायदा आला आणि मग औषधे हाताळणाऱ्या माणसासाठी १९४८ चा.

आज डी.फार्म.चा अभ्यासक्रम भारतीय फार्मसी परिषद, म्हणजे पीसीआय, ठरवते. महाराष्ट्रात प्रवेशप्रक्रिया तंत्रशिक्षण संचालनालय चालवते आणि परीक्षा तंत्रशिक्षण मंडळ घेते. बारावीला भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राबरोबर जीवशास्त्र किंवा गणित असावे लागते. १९९१ पासून चालत आलेला अभ्यासक्रम बदलून २०२० मध्ये नवा आला, आणि हा बदल निर्णयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. पहिल्या वर्षी औषधनिर्मिती, औषधी रसायनशास्त्र, वनौषधी, शरीररचना आणि सामाजिक फार्मसी. दुसऱ्या वर्षी औषधशास्त्र, जीवरसायन, रोगोपचार, रुग्णालयातील फार्मसी, दुकानातील फार्मसी व तिचे व्यवस्थापन, आणि कायदा. मलम घोटणे व मिश्रणे बनवणे यापेक्षा रुग्णाशी बोलणे, चिठ्ठी तपासणे आणि औषध समजावून सांगणे यांवरचा भर वाढला आहे. याशिवाय किमान तीन महिन्यांत मिळून ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. पुस्तके इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पहिले सहा महिने जड जातात. औषधांची आणि आजारांची नावे कानावर पडू लागली की अडचण कमी होते. भाषेच्या भीतीने हा अभ्यासक्रम सोडण्याचे कारण नाही.

खरा प्रश्न कामाच्या स्वरूपाचा आहे, आणि ते काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिल्याशिवाय कळत नाही. एक साधे उदाहरण घ्यावे. तापलेल्या बाळासाठी पॅरासिटामॉल लिहून दिलेले असते. हे औषध थेंबांच्या छोट्या बाटलीत येते आणि सिरपच्या मोठ्या बाटलीतही. थेंबांच्या औषधात बहुधा एका मिलिलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलिलीटरमध्ये १२५, म्हणजे एका मिलिलीटरला २५ मिलिग्रॅम. डॉक्टरांनी १५० मिलिग्रॅमचा डोस ठरवला असेल, तर सिरप ६ मिलिलीटर द्यायचे आणि थेंब दीड मिलिलीटर. दुकानात सिरप संपले म्हणून थेंबांची बाटली दिली आणि आईने सवयीने सहा मिलिलीटर मोजले, तर बाळाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम जाते, चौपट. पॅरासिटामॉलचा असा जादा डोस पुन्हा पुन्हा गेला तर यकृताला इजा होते. दोन्ही बाटल्यांवर नाव एकच, औषध एकच, कंपनीही बहुधा एकच. चूक टळते ती बाटली देताना 'ही थेंबांची आहे, मागच्यासारखी चमच्याने देऊ नका' असे सांगून, ड्रॉपरवरची खूण दाखवून आणि आईकडून ते परत वदवून घेऊन. जेमतेम अर्ध्या मिनिटाचे काम. पण मागे सहा गिऱ्हाइके उभी असताना, मालक बिलाची घाई करत असताना ते अर्धे मिनिट काढावे लागते.

मेथोट्रेक्सेटचेही तसेच. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर रक्तपेशी बनणे थांबून जीव जाऊ शकतो, आणि जगभर असे मृत्यू झाले आहेत. ही गोळी हातात देताना कोणत्या वारी घ्यायची ते पाकिटावर लिहून देणारा फार्मासिस्ट आणि नुसती स्ट्रिप पिशवीत टाकणारा विक्रेता यांच्यातले अंतर म्हणजेच ही दोन वर्षे.

बाकीचे काम दिसायला किरकोळ वाटते, पण दिवस त्यातच जातो. स्ट्रिप कापून चार गोळ्या देताना बॅच नंबर आणि एक्स्पायरी उरलेल्या भागावर राहील अशी कापायची. आधी मुदत संपणारा माल पुढे लावायचा. इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचे, फ्रीजरच्या कप्प्यात कधीच नाही, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते. २०१४ च्या मार्चपासून लागू झालेल्या शेड्यूल एच-वन या यादीत क्षयाची औषधे, वरच्या श्रेणीतली प्रतिजैविके, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके आणि अल्प्राझोलामसारखी औषधे आहेत. त्यांच्या प्रत्येक विक्रीची डॉक्टरांच्या व रुग्णाच्या नावासह वेगळी नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागणाऱ्या ओळखीच्या माणसाला नाही म्हणावे लागते, आणि गावात हे नाही म्हणणे सर्वांत अवघड.

म्हणून या कामाला अतिहुशारीपेक्षा एकाच कामात दिवसभर सावध राहण्याची वृत्ती लागते. तासन्तास उभे राहता यावे. गुणाकार-भागाकार चटकन यावा. अक्षर लागले नाही तर अंदाज न बांधता डॉक्टरांना फोन करण्याचा संकोच नसावा. आजारी माणसे आणि त्यांचे नातलग चिडलेले असतात, त्यांच्याशी नरमाईने बोलता यावे. दुकानाची गर्दी संध्याकाळी आणि सणासुदीला असते. मोठ्या रुग्णालयाजवळचे मेडिकल रात्रभर चालू असते. प्रयोगशाळेत शांतपणे काम करण्याचे स्वप्न असलेल्याची इथे घुसमट होईल.

नोकऱ्यांचे चित्र सरळ आहे. सर्वाधिक जागा मेडिकलमध्ये, पण तिथे सुरुवातीचा पगार बेताचाच, आणि छोट्या गावात तो अनेकदा निराश करणारा. रुग्णालयांच्या औषध विभागात शिकायला जास्त मिळते. सरकारी वाटेवर जिल्हा परिषद आणि सार्वजनिक आरोग्य विभागात औषध निर्माण अधिकारी हे पद आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातला औषधसाठा हेच अधिकारी सांभाळतात. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते. रेल्वेतही फार्मासिस्टची पदे असतात. मात्र भरती दरवर्षी निघत नाही, आणि निघते तेव्हा बी.फार्म. झालेलेही त्याच रांगेत उभे असतात. सरकारी नोकरी लागेलच हे गृहीत धरून प्रवेश घेणे धोक्याचे आहे.

औषध कारखान्यात डी.फार्म.ची किंमत कमी. उत्पादन आणि तपासणीच्या जबाबदारीच्या पदांसाठी औषध नियम पदवीची अट घालतात, आणि औषध निरीक्षक होण्यासाठीही पदवीच लागते. परदेशी जाण्याच्या विचाराने कोणी डी.फार्म. करत असेल तर त्यानेही थांबावे. अमेरिकेत परदेशी फार्मासिस्टना २००३ नंतर किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम पूर्ण केलेला असावा लागतो. म्हणजे तिथे आपली चार वर्षांची बी.फार्म.सुद्धा पुरत नाही. सहा वर्षांची फार्म.डी. लागते.

स्वतःचे दुकान हे अनेकांचे लक्ष्य असते. किरकोळ विक्रीच्या परवान्यासाठी किमान १० चौरस मीटर जागा, फ्रीज आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. परवाना अन्न व औषध प्रशासन देते. जनऔषधी केंद्रासाठीही फार्मासिस्ट आवश्यक आहेच. स्वतः फार्मासिस्ट असलेल्या मालकाचा एक पगार वाचतो, आणि छोट्या दुकानात तोच नफा ठरतो. कारण नफ्याला मर्यादा आहे: सरकारने किंमत ठरवलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के धरलेले असतात, आणि साखळी दुकाने व ऑनलाइन विक्रेते त्यातूनच सवलत देऊन गिऱ्हाईक ओढतात. जागेचे भाडे आणि उधारी यांचा हिशेब न करता उघडलेली दुकाने टिकत नाहीत.

या व्यवसायाला लागलेली एक कीड इथे सांगायलाच हवी. अनेक जण पदविका घेतात ती प्रमाणपत्र भाड्याने देण्यासाठी. नाव भिंतीवरच्या चौकटीत, माणूस दुसरीकडे नोकरीला, आणि काउंटरवर औषधे देतो तो न शिकलेला मुलगा. महिन्याला घरबसल्या काही हजार मिळतात म्हणून नातलगही हा सल्ला देतात. तो सल्ला वाईट आहे. फार्मासिस्ट हजर नसताना चिठ्ठीवरचे औषध विकणे बेकायदा आहे. चुकीच्या औषधाने रुग्ण दगावला तर चौकशीत नाव निघते ते प्रमाणपत्रावरचे, आणि राज्य कौन्सिल नोंदणी रद्द करू शकते. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने याविरुद्ध मोहिमा काढून दुकानांचे परवाने निलंबित केले आहेत. कायद्यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्या थेंबांच्या बाटलीबद्दल आईला सांगणारे कोणी तिथे उरत नाही.

बी.फार्म.शी तुलना करताना वर्षांचा हिशेब नीट मांडावा. सीईटीचे गुण बरे असतील, घरची परिस्थिती चार वर्षे सोसणारी असेल आणि कारखाना, संशोधन किंवा अध्यापनाची ओढ असेल तर थेट पदवी बरी. लवकर कमवायचे असेल किंवा दुकान हेच ध्येय असेल तर पदविका पुरेशी आहे. दोन्हींच्या मध्ये एक दरवाजा उघडा असतो: चांगल्या गुणांनी डी.फार्म. झालेल्याला बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. एकूण पाच वर्षे लागतात, पण मधल्या टप्प्यावर नोंदणी हातात आलेली असते.

महाविद्यालय निवडताना सावध राहावे. नव्या फार्मसी महाविद्यालयांवर पीसीआयने २०१९ मध्ये पाच वर्षांची बंदी घातली होती. ती केवळ ठरावाने घालता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला. त्यानंतर नवी महाविद्यालये मोठ्या संख्येने उघडली. इमारत नवी, प्रयोगशाळा रिकामी आणि शिक्षक फक्त तपासणीच्या दिवशी, अशा जागी दोन वर्षे घालवली तर पदविका मिळते, पण औषध कळत नाही. पीसीआयची मान्यता त्या शैक्षणिक वर्षासाठी आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर पाहावे; मान्यता नसलेल्या संस्थेच्या पदविकेवर नोंदणी होत नाही. 'उपस्थितीची सक्ती नाही' हे ज्या महाविद्यालयाचे आकर्षण आहे, ते टाळावे. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आठवड्यात किती प्रात्यक्षिके होतात आणि ५०० तासांचे प्रशिक्षण कुठे मिळते, हे विचारले की निम्मे कळते.

प्रशिक्षणाबाबत कागदोपत्री तास भरून घेण्याची पद्धत ठिकठिकाणी आहे. ते तास खरोखर करावेत, शक्यतो मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागात. शिवाय २०२२ च्या नियमांनी डी.फार्म.नंतर नोंदणीपूर्वी एक्झिट परीक्षा आणली आहे: बहुपर्यायी प्रश्नांचे तीन पेपर आणि प्रत्येकात किमान ५० टक्के गुण. आपल्या तुकडीला ती कशी लागू होते, याची चौकशी महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलकडे प्रवेशापूर्वीच करावी.

बारावीची परीक्षा आणि निकाल यांच्यामध्ये जे दोन महिने मिळतात, त्यांतले काही आठवडे ओळखीच्या मेडिकलमध्ये संध्याकाळी मदतीला जाण्यात घालवावेत. माल लावावा, एक्स्पायरी पाहावी, बिले करावीत. चिठ्ठीवरचे औषध देणे अर्थातच फार्मासिस्टवर सोडावे, पण तो गिऱ्हाइकाशी काय बोलतो ते ऐकावे. रात्री नऊ वाजता पाय दुखत असतानाही उद्या पुन्हा यावेसे वाटते का, याचे उत्तर तिथे मिळते. ते 'हो' असेल तरच प्रवेशाचा अर्ज भरावा.