नवें पिलूं घरीं आणतांना

मे महिन्याची सुटी लागली म्हणजे कुत्र्याचें एखादें पिलूं घरीं आणण्याची हौस पुष्कळ मुलांस होते. पहिल्या दिवशीं त्याचें कोण कौतुक! नांव मोती ठेवावें कीं वाघ्या, यावरून भावंडांत वाद होतो आणि वाटीभर दूध पुढें येतें. चौथ्या दिवशीं तक्रारी सुरू होतात: तें रात्रभर रडतें, ओसरी घाण करतें, चपला कुरतडतें. आठव्या दिवशीं कोणी तरी त्यास पिशवींत घालून दूरच्या बाजारांत सोडून येतो. या घरास आपलें मानण्यास ज्यानें नुकताच आरंभ केला, त्याच्या वांट्यास हा वनवास कां यावा? आमच्या मतें दोष पिलाचा नसतो. त्याचा स्वभाव कोणी समजून घेतलेला नसतो. तो स्वभाव येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

पहिला प्रश्न वयाचा. पिलाचे डोळे सुमारें दोन आठवड्यांनीं उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याच्या आयुष्यांत फार महत्त्वाचा होय. अमेरिकेंतील जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या शास्त्रज्ञांनीं अनेक वर्षें पिलांचें निरीक्षण करून १९६५ सालीं एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. या काळांत ज्यांचा सहवास घडतो त्यांस पिलूं आपलेंसें मानतें, व ज्यांचा घडत नाहीं त्यांचें त्यास पुढें भय वाटतें, असें त्यांच्या कार्यावरून दिसून आलें. मात्र आठ आठवडे पुरे होण्यापूर्वीं त्यास आईपासून तोडूं नये. खेळतांना एकानें जोरानें चावा घेतला कीं दुसरें ओरडून खेळ सोडतें. चाव्याला आवर घालण्याचा हा धडा भावंडांइतका चांगला दुसरा कोणी देत नाहीं. घरीं आल्यावर पाहुणे, सायकलची घंटा, कुकरची शिटी यांची ओळख त्यास हळूहळू व गोडीनें करून द्यावी.

पहिल्या रात्रीचें रडणें हा हट्ट नव्हे. जें आजवर आईच्या कुशींत, भावंडांच्या उबेंत झोपलें, तें एकाएकीं एकटें पडलेलें असतें. त्यास अंधाऱ्या न्हाणीघरांत कोंडल्यास भय मात्र वाढतें. एका पेटींत जुनें गोणपाट पसरावें, त्यावर आईच्या अंगाचा वास असलेलें एखादें फडकें ठेवावें, आणि ती पेटी घरांतील माणसाच्या अंथरुणाजवळ असूं द्यावी. भय मोडलें म्हणजे पेटी रोज थोडी थोडी दूर सरकवावी. लहान पिलाचा दिवसाचा बहुतेक वेळ झोपेंतच जातो. मुलांनीं खेळावयासाठीं त्यास उठवूं नये.

आतां घाणीविषयीं. दोन महिन्यांच्या पिलास दोन-तीन तासांहून अधिक वेळ लघवी रोखून धरतां येत नाहीं. झोपेंतून उठल्यावर, खाणें झाल्यावर व खेळ संपल्यावर त्यास न चुकतां परसांतील एकाच ठराविक जागीं न्यावें आणि काम होतांच शाबासकी देऊन लहानसा घास द्यावा. परसू नसल्यास एका कोपऱ्यांत वर्तमानपत्र पसरावें. थोड्या आठवड्यांत संवय लागते. घाण झाल्यावर मागाहून मारणें किंवा त्याचें नाक घासणें अगदीं व्यर्थ होय. मघांचें कृत्य व आतांचा मार यांची सांगड त्यास घालतां येत नाहीं; हे हात भयंकर आहेत, एवढेंच तें शिकतें.

महाभारताच्या आदिपर्वांत सरमेच्या पिलाची कथा आहे. जनमेजयाच्या भावांनीं यज्ञाच्या ठिकाणीं त्यास मारलें. हविर्द्रव्यास आपण तोंड लावलें नाहीं कीं तिकडे पाहिलेंही नाहीं, असें त्यानें रडत आईस सांगितलें. सरमेनें यज्ञमंडपांत येऊन जाब विचारला. उत्तर मिळालें नाहीं, तेव्हां तुम्हांवर अकल्पित भय येईल असा तिनें शाप दिला. निरपराध पिलास मारणें हें आपल्या पूर्वजांनींही लहानसहान पाप मानलें नव्हतें.

खाण्याच्या बाबतींत प्रेमापेक्षां माहिती अधिक उपयोगी पडते. गाई-म्हशीचें दूध पुष्कळ पिलांस पचत नाहीं व जुलाब होतात. पहिले कांहीं दिवस पूर्वीच्या जागीं तें जें खात असे तेंच द्यावें; पुढें बदल करावयाचा तो हळूहळू. दिवसांतून चार वेळां थोडथोडें द्यावें. नुसता भात पुरत नाहीं. उकडलेलें अंडें किंवा बिनमसाल्याचें मांस सोबत असावें. कांदा, लसूण, द्राक्षें, बेदाणे व चॉकलेट हीं त्यास विषासमान आहेत. शिजविलेलीं हाडें फुटून टोकदार होतात, म्हणून तींही टाळावींत. चपला कुरतडण्याचेंही कारण आहे: चौथ्या महिन्याच्या सुमारास त्याचे अठ्ठावीस दुधाचे दांत पडूं लागतात व त्या जागीं पुढें बेचाळीस दांत येतात. हिरड्या शिवशिवतात. चघळावयास गांठी मारलेलें जाड फडकें द्यावें आणि चपला उचलून ठेवाव्या.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट लशीची. सहा ते आठ आठवड्यांचें होतांच पिलास जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊन जंतांचें औषध व लशी यांची व्यवस्था करावी. लशी पुऱ्या होईपर्यंत मोकाट कुत्रीं फिरतात तेथें त्यास खालीं सोडूं नये. कडेवर घेऊन जग दाखवावें. तिसऱ्या महिन्यांत रेबीजची लस द्यावी व पुढें ती वेळोवेळीं पुन्हां टोचावी. लुई पाश्चर यांनीं ६ जुलै १८८५ रोजीं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास या रोगाविरुद्ध प्रथम लस टोचली व तो वांचला. तरीही रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर आजही रोगी बहुधा वांचत नाहीं. म्हणून पिलाचा दांत वा नख लागून रक्त आलें, तर मुलांनीं रागावतील या भीतीनें तें लपवूं नये. जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें.

शेवटीं पालकांस विनंति. कुत्रें दहा ते पंधरा वर्षें जगतें. आज सहावींत असलेला मुलगा पदवीधर होईल, तेव्हांही तें दाराशीं त्याची वाट पाहत असेल. त्याचें खाणें कोण पाहील, सकाळीं फिरावयास कोण नेईल, घर परगांवीं जाईल तेव्हां तें कोणापाशीं राहील, हें पिलूं उंबरठ्याच्या आंत येण्यापूर्वींच सर्वांनीं बसून ठरवावें. ठरत नसेल तर पिलूं आणूं नये. तीही दयाच होय. आणि ठरलें, तर पहिल्या चार रात्रीं थोडा धीर धरावा. विश्वास बसावयास तेवढा वेळ माणसालाही लागतो.