पागोळीचे पाणी आणि मोरीचे पाणी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा प्रथम वाटले की आपण बँकेतले कारकून, दिवसभर जमा-नावे करणारे. आपण काय लिहिणार? मग विचार केला, ज्या विषयावरून वाडीत दर उन्हाळ्यात भांडणे होतात आणि पहिला पाऊस पडताच जो विषय सर्वजण विसरून जातात, त्यावरच चार शब्द लिहावेत. तो विषय पाण्याचा. मी अभियंता नव्हे, कला शाखेचा पदवीधर. घर बांधताना केलेल्या चुका, जाणत्या माणसांकडून ऐकलेल्या गोष्टी आणि थोडा हिशेब, एवढ्याच भांडवलावर हे लिहीत आहे.

“कोकणात पाणी कसले वाचवायचे? ते घाटावरच्या लोकांनी वाचवावे,” असे बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे वरवर पाहता खरे वाटते. आपल्या खेड-चिपळूण भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २००५ आणि २०२१ च्या जुलै महिन्यात चिपळूण शहराची काय दशा झाली ती आपण डोळ्यांनी पाहिली आहे. पण त्याच खेड तालुक्यातील उंचावरच्या वाड्यांना, विशेषतः धनगरवाड्यांना, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जुलैमध्ये पूर आणि एप्रिलमध्ये टँकर, हे कोडे सुटल्याशिवाय पाणी कसे वाचवायचे ते कळणार नाही.

कोड्याचे उत्तर आपल्या पायाखाली आहे. लोट्याचा सडा जांभ्याचा. जांभा दगड भोकाभोकांचा असतो. पावसाचे पाणी तो पितो खरे, पण पोटात ठेवत नाही. खाली चिकणमातीचा किंवा काळ्या कातळाचा थर लागला की पाणी आडवे वाहू लागते आणि उतारावर झऱ्यावाटे बाहेर पडते. झऱ्यातून पऱ्याला, पऱ्यातून नदीला. आपल्या एका अंगाला जगबुडी, दुसऱ्या अंगाला वाशिष्ठी, आणि दोन्हींचे पाणी शेवटी दाभोळच्या खाडीत. सह्याद्रीच्या माथ्यावरून निघालेले पाणी समुद्राला मिळायला अंतर असे किती? म्हणजे आपली अडचण पाऊस कमी असण्याची नाही. पडलेला पाऊस थांबत नाही, ही आहे.

यातून एक गोष्ट निघते जी मला फार उशिरा समजली. पुस्तकात वाचून पुष्कळजण छपराचे पाणी विहिरीत सोडतात. घाटावर ते ठीक आहे. आपल्याकडे जुलैमध्ये विहीर आधीच काठोकाठ भरलेली असते. तिच्यात आणखी पाणी सोडले तर ते दुसऱ्या बाजूने निघून जाते. भरलेल्या कळशीत ओतण्यासारखेच ते. आपली खरी कसोटी पाऊस गेल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीपासून सुरू होते. जे पाणी वरच्या बाजूने हळूहळू उतरत असते त्याला जितके दिवस अडवता येईल तितके दिवस विहीर पुढे चालते.

आता माझी चूक सांगतो. चौदा वर्षांपूर्वी जुने कौलारू घर उतरवून मी स्लॅबचे घर बांधले. जुन्या घराला पागोळ्या होत्या, त्या मातीच्या अंगणात पडत. न्हाणीचे पाणी मागच्या केळीला आणि अळूला जाई. नव्या घरात मी अंगणाला चांगला कोबा केला, स्लॅबच्या पाण्याला पाइप बसवला आणि मोरीचा पाइप थेट रस्त्याच्या गटाराला जोडला. मला वाटले, घर स्वच्छ झाले, चिखल गेला, डास गेले. दोन वर्षांत मागची केळीची वई सुकून गेली. आई म्हणाली, “घर चांगलं बांधलंस रे, पण केळ मारलीस.” तिच्या त्या एका वाक्यात जे होते ते समजायला मला पुढचे तीन उन्हाळे लागले. वाडीत दहा-बारा घरे अशीच झाली, अशीच अंगणे कोब्याची झाली. खालच्या अंगाची वाडीची विहीर पूर्वी मे महिन्याच्या मध्यापर्यंत पुरायची, ती एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तळ दाखवू लागली. सर्व दोष कोब्याचा असे मी म्हणत नाही. बोअरवेलही वाढल्या, सड्यावरची झाडेही तुटली. पण त्यात माझाही वाटा आहे, हे नाकारता येणार नाही. पहाटे तीन वाजता रहाटाचा आवाज येऊ लागला की अंथरुणात पडल्या पडल्या तो वाटा मला आठवतो. आणि रहाटावर कोण असते? घरातली सून, नाहीतर बारावीच्या परीक्षेला बसलेली मुलगी. पुरुष क्वचितच.

सवयीने मी हिशेब मांडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. पाचशे चौरस फुटांचे छप्पर म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. तीन हजार मिलिमीटर पाऊस धरला तर एका पावसाळ्यात त्यावर १ लाख ३८ हजार लिटर पाणी पडते. उडून, सांडून, गळून पाचवा हिस्सा गेला असे धरले तरी १ लाख १० हजार लिटर राहते. खर्चाची बाजू पाहू. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यातील माणसामागे रोजी ५५ लिटर असे माप ठरविले. पाच माणसांच्या घराला रोजचे २७५ लिटर, आणि कोरड्या आठ महिन्यांचे ६६ हजार लिटर. म्हणजे कुटुंबाला आठ महिने लागते त्याहून जास्त पाणी आपल्याच छपरावरून पागोळ्यांनी निघून जाते. हा आकडा मी दोनदा तपासून पाहिला, कारण मलाच खरा वाटेना.

पण ६६ हजार लिटरची टाकी कोण बांधणार? माझ्याकडे दोन हजार लिटरची काळी टाकी आहे. ती आमच्या घराला संडास आणि धुण्यासाठी फार तर दोन आठवडे पुरते. तेव्हा टाकी घेतली म्हणजे उन्हाळा सुटला असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. टाकीचा उपयोग दुसरा आहे. पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज जाते, पंप बंद पडतो, तेव्हा हीच टाकी कामाला येते. आणि परतीच्या पावसात ती काठोकाठ भरून झाकून ठेवली तर ऑक्टोबरमध्ये नव्या रोपांना आधार होतो. कलमे लावणाऱ्यांनी बागेत चार मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल खड्डा काढून त्यात जाड प्लास्टिक अंथरावे. चार हजार लिटर पाणी मावते. वर गवताचा झाप टाकायला विसरू नये, नाहीतर अर्धे पाणी ऊनच पिऊन टाकते. मुले आणि गुरे पडू नयेत म्हणून कुंपणही हवे.

लोट्यात राहणाऱ्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. आपण रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहतो. छपरावर काय बसते ते पहिल्या पावसाच्या पाण्याच्या रंगावरून कळते. म्हणून सुरुवातीच्या पावसाचे पाणी टाकीत घेऊच नये, पाइपाचे तोंड बाहेर काढून ठेवावे. नंतरचेही पाणी वाळू, खडी व कोळशाच्या गाळणीतून घ्यावे आणि धुण्यासाठी, संडाससाठी, झाडांसाठी वापरावे. पिण्यासाठी आपल्या भागात मी तरी ते सुचविणार नाही. बोअरवेलमध्ये रस्त्याचे किंवा आवाराचे वाहते पाणी सोडण्याचा मोह कोणी करू नये. वर घाण झाली तर धुता येते, खाली गेलेली बाहेर काढता येत नाही. घाणेखुंट, आवाशीपासून लवेलपर्यंत कोणाच्याही विहिरीच्या पाण्याला वास किंवा रंग आला तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून नमुना प्रयोगशाळेत पाठवावा आणि अहवाल लेखी मागावा. तोंडी “ठीक आहे” यावर समाधान मानू नये. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब असावा, आणि शक्यतो विहिरीच्या वरच्या अंगाला नसावा.

आता मोरीच्या पाण्याकडे वळू, कारण खरी बचत तेथे आहे. पाच माणसांच्या आंघोळीचे शंभर लिटर आणि भांड्यांचे पंचवीस-तीस लिटर पाणी रोज जाते. तेवढ्यात नारळाची तीन झाडे उन्हाळ्यात तरतात. मी गटाराचा पाइप कापून मागे वळवला. वाटेत खडी-वाळूचा एक छोटा खड्डा केला, त्याच्या कडेने कर्दळ आणि अळू लावले, पुढे केळी. पाणी उघड्यावर साचू दिले नाही तर डासही होत नाहीत. कपडे धुण्याच्या पावडरचे पहिले पाणी मात्र झाडांना घालू नये, खळबळून काढलेले दुसरे-तिसरे पाणी चालते. तेही रोज एकाच झाडाला नको. केळ परत आली आहे. आईने पहिला घड पाहिला, बोलली काही नाही.

घरातील गळतीकडे आपले लक्ष नसते. नळातून सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी जाते. खात्री करायची असेल तर रात्री नळाखाली तांब्या ठेवून झोपावे. पाच-दहा रुपयांचा वायसर बदलायला आपण महिना महिना घालवतो. संडासात जुनी टाकी एका वेळी दहा लिटर सोडते. दोन खड्ड्यांच्या संडासाला जे उताराचे भांडे बसवितात त्याला दीड-दोन लिटर पुरते. वरची टाकी भरून वाहू लागली तरी पंप चालूच, हा प्रकार तर घरोघरी. आमच्याकडेही होता, चेंडूची तोटी बसविल्यावर थांबला.

परसबागेत पाण्यापेक्षा आच्छादनाचे महत्त्व अधिक आहे. नारळाच्या बुंध्याशी पाणी ओतण्याची आपली सवय चुकीची. पाणी पिणारी मुळे बुंध्यापासून चार-सहा फुटांच्या घेरात असतात, आळे तेवढे मोठे हवे. आळ्यात सोडणे पुरावीत, पोकळ बाजू वर करून. ती पाणी धरून ठेवतात. वर पालापाचोळा. आपल्याकडे फेब्रुवारीत पाचोळा गोळा करून जाळतात, तो जाळू नये एवढे केले तरी आठवड्याची एक पाळी वाचते. नव्या कलमाशेजारी कच्चे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरून झाकून ठेवावे. पाणी झिरपत राहते, चार-पाच दिवसांनी पुन्हा भरावे लागते. पाणी संध्याकाळी घालावे, दुपारी घातलेले उन्हाचेच. आणि भात कापल्यावर जमिनीतील ओलीवर कुळीथ, पावटा पेरणारे आपले वाडवडील अडाणी नव्हते. त्या पिकाला पाणीच घालावे लागत नाही.

पाणी हा आपल्या समाजाच्या दृष्टीने केवळ सोयीचा विषय कधीच नव्हता. याच महामार्गावर कशेडी घाटापलीकडे महाडला २० मार्च १९२७ रोजी काय घडले, आणि त्या तळ्याच्या हक्कासाठी १९३७ च्या उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत कसे लढावे लागले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. मात्र बाबासाहेबांचे पाण्याविषयीचे दुसरे काम आपण कमी वाचतो. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांच्या परिषदेत त्यांनी मांडलेला विचार असा की पुराचे पाणी हे संकट समजून लवकरात लवकर समुद्रात लोटणे चूक आहे. माणूस पाण्याच्या अभावाने अधिक हाल सोसतो, म्हणून ते साठविले पाहिजे. महानदीबद्दलचे ते बोलणे वाशिष्ठीलाही तितकेच लागू पडते. वाशिष्ठीत तर पोफळीला वीज करून सोडलेले कोयनेचे पाणीही येते, आणि तेही समुद्राकडेच जाते.

घराबाहेर करण्याजोगे मोठे काम एकच, पऱ्यावरचा बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून पऱ्यात आडव्या रचायच्या, यालाच वनराई बंधारा म्हणतात. त्याची वेळ महत्त्वाची. पऱ्या वाहता असतानाच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो बांधला पाहिजे. जानेवारीत बांधून फोटो काढण्यापलीकडे उपयोग नाही. आमच्या वाडीने दोन वर्षांपूर्वी पहिला बांधला तेव्हा अकरा माणसे आली. त्यांपैकी सात स्त्रिया. जागेवरून वाद झाला, कारण बंधाऱ्याची एक बाजू दुसऱ्या वाडीच्या शेताला लागते. दोघा-चौघांनी बसून बोलल्यावर मिटला, कारण त्यांचीही विहीर त्याच पऱ्याच्या काठी आहे. त्या वर्षी आमची विहीर मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालली. जूनपर्यंत नाही पुरली, तीन आठवडे पुढे गेली इतकेच. पण त्या तीन आठवड्यांत पहाटे तीनचा रहाट वाजला नाही. मेमध्ये गोण्या काढून घ्याव्या लागतात, नाहीतर पहिल्या पुरात फाटून सगळे प्लास्टिक खाडीत जाते. गेल्या वर्षी हे काम आम्ही टाळले आणि निम्म्या गोण्या गमावल्या.

यंदा दोन बंधारे घालावेत असे ठरले आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता पऱ्यावर जमायचे आहे. सुमारे चारशे गोण्या लागतील, दीडशे जमल्या आहेत. ज्यांच्याकडे घराचे बांधकाम चालू आहे त्यांनी रिकाम्या गोण्या फेकू नयेत, झटकून, सुकवून, पंचवीस-पंचवीसच्या गठ्ठ्याने बांधून विहाराच्या मागच्या पडवीत आणून ठेवाव्यात. फावडी आणि घमेली आहेत. सुतळी कमी पडेल.