मॉडेल विमानाचं नाक कॉम्प्युटरवर वेडंवाकडं का होतं? उत्तर पतंगाच्या कामटीत आहे!

मंडळी, खोकं काढायचं असेल तर कॅड सॉफ्टवेअर अगदी सोपं. चौकोन काढा, वर ओढा, झालं काम. मोबाईलचा स्टँड तर नवशिका माणूसही पहिल्या आठवड्यात काढतो. पण हाच माणूस रेडिओ कंट्रोलवर उडणाऱ्या विमानाचं नाक काढायला बसला की रडकुंडीला येतो. फोटोवरून अगदी बारकाईने ठिपके दिलेले असतात, तरी थ्रीडी प्रिंटरमधून जे बाहेर येतं ते पोचे आलेल्या पातेल्यासारखं दिसतं. असं का होतं?

गंमत म्हणजे यात मेहनत कमी पडलेली नसते, जास्त झालेली असते.

पतंगाची कमान आठवा. बांबूची कामटी दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीनच ठिकाणी बसवली की तिला आपोआप सुबक बाक येतो. आता तीच कामटी वीस खिळे ठोकून वाकवायचा प्रयत्न करा. एखादा खिळा केसभर सरकला तरी तिथे उंचवटा आणि शेजारी खड्डा! कॅडमधली स्प्लाइन ही वक्ररेषाही अशीच वागते. दिलेल्या प्रत्येक ठिपक्यातून तिला जावंच लागतं, मग त्यात हाताची थरथर असली तरी. म्हणून जाणकार लोक तीन-चार ठिपके देतात, दोन्ही टोकांची दिशा ठरवतात आणि मधलं काम रेषेवर सोडतात.

ही कामटीची उपमा उगाच दिलेली नाही बरं का. स्प्लाइन हे नाव मुळात लाकडाच्या लवचीक पट्टीचंच. जहाजं बांधणारे कारागीर अशी पट्टी शिशाच्या वजनांनी जागेवर धरून तिच्या कडेने रेघ मारायचे. जहाजाचे आकार खऱ्या मापात काढायला मोठी जागा लागायची, ती मिळायची गोदीतल्या माळ्यावर. माळा म्हणजे इंग्रजीत लॉफ्ट. कॅडमध्ये आज ज्या बटणाने विमानाचं धड तयार होतं, त्याचंही नाव लॉफ्टच आहे!

विमानांच्या कारखान्यांनीही हीच पद्धत उचलली. पुढे अमेरिकेत नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन कंपनीत रॉय लायमिंग यांनी पट्टीच्या जागी गणित आणलं. 1940 मध्ये पहिल्यांदा उडालेल्या मस्टँग या लढाऊ विमानाचे बाक त्यांनी अकरावीच्या गणितात भेटणाऱ्या लंबवर्तुळ आणि पॅराबोलाच्या घराण्यातल्या वक्रांनी मांडले. आकडे हातात असले की साचा कुठेही कापा, आकार तोच येतो. 1944 मध्ये त्यांनी यावर पुस्तकही लिहिलं.

आता लॉफ्ट करतं काय? काकडीच्या चकत्या ओळीने उभ्या करा आणि त्यांच्यावरून साल ताणून बसवा, तसं. नाकापासून शेपटीपर्यंत चार-पाच चकत्या आणि वरून, बाजूने जाणाऱ्या दोन-तीन मार्गदर्शक रेषा एवढ्यावर बहुतेक विमानांचं काम भागतं. फक्त प्रत्येक चकतीत ठिपके तितकेच हवेत आणि सुरुवात एकाच जागेवरून हवी. नाहीतर विमान पिळलेल्या टॉवेलसारखं होतं. अर्धंच विमान काढून त्याचा आरसा घेणाऱ्यांची आणखी एक ठरलेली चूक आहे. चकतीची रेषा मधल्या पातळीला काटकोनात भेटली नाही, तर पाठीवर माशासारखा कणा उठतो.

स्क्रीनवर हे दोष लपून बसतात. त्यासाठी अनेक सॉफ्टवेअरमध्ये भागावर झेब्र्यासारखे पट्टे पाडायची सोय असते. पट्टे तुटले तर तिथे चक्क कोपरा आहे. पट्टे जुळतात, पण एकदम वळतात? मग दिशा जुळलीय, बाक जुळलेला नाही. सरळ रस्त्यावरून सायकलचं हँडल झटक्यात वळवल्यासारखं ते असतं. रंग दिल्यावर उन्हात नेमकी तीच जागा चमकते.

नाकावरचा पोचा एकवेळ चालेल, तो दिसायला वाईट एवढंच. पंखाच्या पुढच्या कडेवर मात्र माफी नाही. हवा तिथेच दुभंगते. वरची आणि खालची रेषा वेगवेगळी काढली आणि ती पुढच्या टोकाला उभी जुळली नाही, तर गोल कडेला टोक येतं. त्यातून डावा-उजवा पंख वेगळा निघाला, तर उतरताना वेग कमी झाल्यावर एक पंख आधी दगा देतो आणि महिनाभराची मेहनत जमिनीवर आपटते!

बाल्सा लाकडाचं विमान करणाऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं. आकाशकंदिलाचा कागद जसा एकाच दिशेने गोल होतो, तसंच बाल्साच्या पातळ फळीचं. म्हणून पंखावर ती छान बसते, पण नाकासारख्या दोन्हीकडे वळणाऱ्या जागी सुरकुतते किंवा तडकते. तिथे अरुंद पट्ट्या जोडाव्या लागतात किंवा लाकडाचा ठोकळा तासावा लागतो. शिवाय फळीची जाडी आतल्या सांगाड्यातून आधीच वजा करावी लागते. दीड मिलिमीटरची फळी विसरलात की विमान तीन मिलिमीटरने जाड होतं आणि काळजीपूर्वक छापलेलं काउल पुढे बसतच नाही.