स्कॉटलंडात गोल्फची मैदाने कशी निवडावी?

मंडळी, विटीदांडू तुम्ही सगळे खेळला आहात. जमिनीत गल करायची, तिच्यावर विटी आडवी ठेवायची आणि दांडूने कोलायची. गोल्फमध्ये प्रकार उलटा आहे. तेथे गल असते शेकडो हात लांब, आणि काठीने टोले मारीत मारीत लहानसा चेंडू तिच्यात नेऊन घालावयाचा. अशा अठरा गली. सगळ्या मिळून चारपाच मैलांची पायपीट आणि चार तासांचा वेळ. ज्याचे टोले कमी, तो जिंकला. एवढे कळले म्हणजे पुढचे समजावयास अडचण नाही.

हे आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्या गावांतली मुले आता ग्लासगोला आणि एडिंबरोला नोकरीला असतात, आणि उन्हाळ्यात घरच्या वडीलधाऱ्यांना बोलावून घेतात. मलाही माझ्या भाच्याने बोलावले. तो पुण्यात हा खेळ शिकला. “मामा, आठ दिवस हिंडू. मी खेळेन, तुम्ही डोंगर बघा,” असा त्याचा बेत. त्याने वहीत आठ दिवसांची आठ मैदाने लिहून ठेवली होती. त्यांपैकी आम्ही चारच पाहिली, आणि चार पाहिली म्हणूनच काही पाहिले असे मी म्हणतो.

प्रथम जमिनीची गोष्ट सांगतो, कारण निवड तिच्यावरून करायची असते. स्कॉटलंडात समुद्र मागे हटला तेथे वाळूच्या टेकाडांचा पट्टा उघडा पडला. शेतीला तो निकामी. पाणी ठरत नाही, वर बारीक, चिवट गवत तेवढे उगवते. ह्या पट्ट्याला तिकडे लिंक्स म्हणतात. लोकांनी तेथे मेंढरे सोडली. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढरे वाळूत बसून बसून खळगे पडले, आणि चेंडू अडकवणारे जे वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर, त्यांचा उगम तोच, असे सांगतात. पावसाचे पाणी झटकन मुरते म्हणून भर हिवाळ्यातही येथे खेळता येते. झाड नाही, सावली नाही, वारा मात्र कायमचा. आतल्या डोंगराळ मुलखातली मैदाने वेगळी. पर्थशायरमधील ग्लेनईगल्स किंवा स्पे नदीकाठचे बोट ऑफ गार्टन घ्या. तेथे झाडी आहे, डोंगर आहेत, जमीन मऊ आहे. एका प्रवासात दोन्ही जाती पाहाव्यात. एकाच जातीची सहा पाहिली तर चौथ्यापासून सगळी सारखीच दिसू लागतात.

एडिंबरोहून सुमारे पन्नास मैलांवर सेंट अँड्र्यूज आहे. तेथील ओल्ड कोर्स हे ह्या खेळाचे पंढरपूर म्हणा ना! गली अठराच का, ह्याचे उत्तर येथे मिळते. पूर्वी येथे बावीसचा फेरा होता. 1764 साली काही गली एकत्र केल्या आणि अठरा उरल्या. पुढे सगळ्या जगाने तोच आकडा धरला. आम्ही मोठ्या उत्साहाने पोहोचलो तो वार रविवार. ओल्ड कोर्सवर, मोठ्या स्पर्धा सोडल्या तर, रविवारी खेळ बंद असतो. भाच्याचे तोंड उतरले. चूक आमचीच, आधी विचारले नव्हते.

मला विचाराल तर तोच दिवस सर्वांत चांगला गेला. रविवारी हे मैदान गावाचे असते. म्हाताऱ्या बाया कुत्री घेऊन येतात, बापे मुलांना खांद्यावर बसवून आणतात. ओढ्यावर स्विल्कन नावाचा दगडी पूल आहे, त्यावर जो तो उभा राहून छायाचित्र काढतो. मैदानाला छेदून समुद्राकडे जाणारी रहदारीची वाट आहे, आणि खेळाच्या दिवशीसुद्धा लोक तीवरून जातात.

हे असे उगाच राहिलेले नाही, बरं का. 1552 साली तेथील आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याला ह्या जमिनीवर ससे पाळण्याची परवानगी मिळाली, पण त्याच सनदेत लोकांचा तेथे खेळण्याचा हक्क लिहून ठेवला गेला. मग 1797 साली नगरपालिकेचे दिवाळे निघाले आणि जमीन तिच्या हातून गेली. ती सशांचा व्यापार करणाऱ्यांकडे आली. सशांनी बिळे खणून मैदानाची चाळण केली. वीस वर्षांहून अधिक काळ कोर्टकज्जे चालले, मारामाऱ्याही झाल्या. शेवटी 1821 साली शेजारच्या जमीनदाराने, जेम्स चीपने, जमीन विकत घेतली आणि खेळ वाचला. 1894 साली पार्लमेंटच्या कायद्यान्वये नगरपालिकेने ती परत मिळवली, आणि 1974 पासून एक विश्वस्त मंडळ तिचा कारभार पाहते. गावकरी वर्षाचा पास काढून थोडक्या पैशांत खेळतात. आपल्याकडे गायरान एकदा हातचे गेले की किती पिढ्या खेटे घालाव्या लागतात, हे तुम्हांला मी काय सांगावे!

बाहेरच्याला मात्र हे सोपे नाही. 2025 साली ऐन हंगामात एका फेऱ्याला तीनशे पौंडांहून अधिक पडत होते. शिवाय आपण किती तयारीचे खेळाडू आहोत ह्याचा दाखला, ज्याला हँडिकॅप म्हणतात, तो दाखवावा लागतो. महिनोन् महिने आधी जागा धरली नसेल तर एक उपाय आहे. दोन दिवस आधी दोन ते चार जणांच्या गटाने नावे द्यावयाची, आणि सोडतीत निघाली तर खेळावयाचे. म्हणून सेंट अँड्र्यूजला एक रात्र राहून भागत नाही. तीनचार रात्री ठेवाव्या आणि रोज नाव द्यावे. आमचे नाव निघाले नाही. पण शिकाऊ माणसाने आणि पोरांनी नाराज होऊ नये. तेथेच बाल्गोव्ह नावाचे नऊ गलींचे सोपे मैदान त्यांच्याचसाठी आहे. आणि 1867 साली स्थापन झालेल्या बायकांच्या एका क्लबाचे चढउताराचे हिरवळीचे अंगण आहे. त्याचे लोकांनी पाडलेले नाव ऐकून मी चाट पडलो: हिमालय! थोडे पैसे टाकून कोणीही तेथे चेंडू ढकलावा. मीही ढकलला. हिमालय उतरताना चेंडू परत माझ्याच पायाशी आला.

दुसरे ठिकाण उत्तरेचे. इन्व्हरनेस शहरापासून तासाभराच्या वाटेवर डॉर्नॉक आहे. तेथे हा खेळ 1616 पासून चालल्याची नोंद सापडते. डोनाल्ड रॉस येथलाच, 1872 चा जन्म. सुतारकाम शिकला, मग अमेरिकेस गेला आणि तेथे शेकडो मैदाने आखली. गलीभोवतीची हिरवळ पालथ्या बशीसारखी उंच ठेवायची, ही डॉर्नॉकची रीत त्याने तिकडे नेली. मे महिन्यात येथे गॉर्स नावाचे काटेरी झुडूप फुलते आणि सगळी टेकाडे सोनकीच्या पठारासारखी पिवळी होतात. चेंडू त्यात गेला तर हात घालू नये. बाभळीच्या काट्यांची आठवण होते. आणि उजेड! मे अखेरीस रात्री दहापर्यंत दिसते. दिवसभर हिंडून संध्याकाळी सहाला खेळावयास उतरलो तरी फेरा पुरा झाला.

तेथून अर्ध्या तासावर ब्रोरा. मला सर्वांत आवडलेले नाव हेच. शेतकऱ्यांच्या चराईच्या हक्कामुळे ह्या मैदानावर पिढ्यान् पिढ्या गाईमेंढ्या चरत आल्या, आणि गलीजवळची हिरवळ त्यांनी तुडवू नये म्हणून तिच्याभोवती विजेच्या तारेचे बुटके कुंपण घालीत. शेणात चेंडू पडला तर काय, ह्याचाही नियम क्लबांना करावा लागतो. गुराखी आणि खेळाडू ह्यांत कुरबुरी होतातच.

तिसरे ठिकाण पश्चिम किनाऱ्याचे, ट्राय. गेलिक भाषेत ह्या शब्दाचा अर्थच समुद्रकिनारा. नऊच गली, पण पुढ्यात पांढरी वाळू आणि पलीकडे एग, रम, स्काय ही बेटे. मला असे वाटते की ज्याला खेळ आणि मुलूख दोन्ही पाहायचे आहेत त्याने मोठ्या नावाचे एक मैदान घ्यावे आणि बाकी अशी गावोगावची लहान घ्यावी. पैसेही फार कमी लागतात. अशा लहान मैदानांवर पुष्कळदा माणूसच नसतो. एक पेटी ठेवलेली असते, तीत आपण होऊन पैसे टाकावयाचे. शिक्षकमंडळींनी ही पेटी शाळेत अवश्य सांगावी.

आता हिशेब अंतराचा. नकाशावर चाळीस मैल दिसतात, पण डोंगरी भागात एकेरी रस्ते आहेत. समोरून गाडी आली की बाजूच्या रुंद जागेत थांबून तिला वाट द्यावी लागते. म्हणून एका दिवशी एकच मैदान, आणि मध्ये एक दिवस रिकामा. जून ते ऑगस्ट पश्चिमेकडे चिलटे फार. वारा पडला की कान, मान, मनगटे फोडून काढतात. मे किंवा सप्टेंबर बरा. ज्याला खेळायचेच नाही त्यानेही बिचकू नये. 2003 च्या कायद्याने स्कॉटलंडात मोकळ्या रानातून चालत जाण्याचा हक्क आहे, आणि खेळात अडथळा न आणता, गलीजवळची हिरवळ टाळून, मैदान ओलांडता येते.

सामानात जाड तळव्याचे जोडे आणि पावसाचा डगला घ्यावा. छत्री नेऊ नये. माझी पहिल्याच दिवशी उलटी झाली ती ब्रोऱ्यापर्यंत तशीच काखेत होती.